बाभळीच्या शेंड्यावर दोन मुठी

आकाशात काहीतरी विचित्र दिसलं म्हणून कुणाचा फोन आला, की ते काय असेल याबद्दल मी सुरुवातीला एक अक्षरही बोलत नाही. समोरचा माणूस अधीर झालेला असतो. "बाई, तुम्हीच सांगा, काय असंल ते?" मी नुसती विचारत राहते. कुठं उभा होतास? तोंड कुणीकडे होतं? घरात टीव्हीवर काय लागलं होतं? लाईट होती का गेली होती? शेवटची एसटी येऊन गेली होती का? डोळ्यांनी काय पाहिलं आणि मनाला ते काय वाटलं, या दोन गोष्टी फार लवकर एकमेकींत कालवल्या जातात. त्या कालवल्या जायच्या आत मला पहिली हवी असते. मी एकदा "शुक्र असेल रे" म्हटलं, की पुढचं सगळं तो शुक्राला जुळेल असंच सांगणार. "तबकडीसारखं होतं का?" असं विचारलं, तर त्याला तबकडी आठवायला लागणार. यात लबाडी काही नसते. आठवण विचारणाऱ्याकडे झुकते, एवढंच.

मी सोलापूरची. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं, शाळेच्या गच्चीवरून पोरांना दुर्बिणीतून शनी-गुरू दाखवले. निवृत्त झाले तरी ती पोरं अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, नळदुर्ग, तुळजापूर अशा ठिकाणांहून फोन करत राहिली. आता ती घरादाराची माणसं झाली आहेत. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणून पाणी द्यायला रात्री रानात जावं लागतं. पहाटे दूध घालायचं असतं. शहरातल्या कुणाहीपेक्षा आकाश त्यांना जास्त दिसतं, आणि त्यात वावगं काही दिसलं की त्यांना बाई आठवतात. असं हे काम माझ्याकडे आलं. मी त्याला कामच म्हणते, छंद म्हणत नाही. त्याला वही आहे, कोनमापक आहे, गावाला जाऊन त्याच जागी उभं राहणं आहे, आणि कुणाच्या तरी शब्दाची जबाबदारी आहे.

फोन करणारा हमखास दोन गोष्टी सांगतो, अंतर आणि आकार. "दोन किलोमीटरवर होतं बघा, ट्रकएवढं." आणि रात्रीच्या आकाशात डोळ्याला नेमक्या याच दोन गोष्टी कळत नाहीत. काळ्याभोर अंधारात एकटा दिवा असला, की तो शंभर मीटरवरच्या ड्रोनचा आहे की पस्तीस किलोमीटरवर उन्हात चमकणारी एखादी वस्तू आहे, हे ओळखायला डोळ्याकडे साधनच नसतं. म्हणून मी कोन मागते. हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली तर ती साधारण १० अंश भरते, करंगळीची रुंदी १ अंश. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत नऊ मुठी. हे कुणालाही जमतं, आणि वर्षाने विचारलं तरी माणूस त्याच जागी उभा राहून "इथं होतं" म्हणत बऱ्यापैकी तीच मूठ दाखवतो.

आकारासाठी मी पर्समध्ये ज्वारी ठेवते. पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश असतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीचा टपोरा दाणा चिमटीत धरून हात लांब केला, तर त्या दाण्याआड चंद्र जवळजवळ झाकला जातो. ताटाएवढं दिसलं, घमेल्याएवढं दिसलं असं सांगणाऱ्याच्या हातात मी तो दाणा देते आणि विचारते, यापेक्षा मोठं होतं का लहान? बहुतेक जण थोडा वेळ दाण्याकडे बघतात आणि म्हणतात, लहान. किती वेळ दिसलं, याचंही तसंच. "पाच मिनिटं" ऐकलं की मी सांगते, जसं गेलं तसं बोट फिरव, त्याच चालीने. घड्याळ माझ्याकडे. पाच मिनिटांची वीस सेकंदं होतात, आणि कधीकधी "एका झटक्यात गेलं" म्हणणाऱ्याचं बोट मिनिटभर फिरत राहतं. या दोन आकड्यांवर निम्मा उलगडा होतो.

एका डिसेंबरात अक्कलकोटकडच्या गावातून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो दूध संकलन केंद्रावर बसतो. पहाटे उजाडताना पूर्वेकडे, पण बऱ्यापैकी वर, एक तांबूस ठिपका उमटला, बघता बघता पांढराशुभ्र झाला आणि तिथंच थांबला. बाकीच्या चांदण्या विझत चालल्या होत्या आणि हा वाढत होता. रांगेतल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने हात जोडले, एकाने मोबाईल काढला. व्हिडिओत काही आलं नाही, नुसता थरथरता पांढरा टिंब. पण या पोराकडे व्हिडिओपेक्षा मोलाची गोष्ट होती. फॅटच्या मशीनला जोडलेला प्रिंटर प्रत्येक दुधाची पावती काढतो, त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ आणि वेळ छापलेली असते. ६.३१ ची पावती फाडून तो बाहेर बादली विसळायला गेला तेव्हा ठिपका तांबूस होता. ६.३८ च्या पावतीआधी तो पांढरा झाला होता. साक्षीदाराच्या वेळेत अर्धा तास इकडंतिकडं होतोच. इथं मला मिनिटांत वेळ मिळाली होती, तीही कागदावर.

मी गेले. डेअरीच्या ओट्यावर उभं राहून त्याने मुठी मोजल्या. आग्नेयेकडे, पाच मुठी. म्हणजे सुमारे ५० अंश. आता दुसरा माणूस हवा होता. सोलापुरात धर्मवीर संभाजी तलावावर रोज फिरायला जाणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांना मी मुद्दाम काही न सांगता विचारलं, त्या दिवशी सकाळी आकाशात काही वेगळं दिसलं का? ते म्हणाले, "हो, मला वाटलं विमानाचा दिवा आहे, पण दोन फेऱ्या झाल्या तरी जागचा हलेना." त्यांच्याही मुठी मोजल्या. दिशा आग्नेयच, पण उंची तिनाला कमी, २७ अंशांच्या आसपास. तलाव आणि ते गाव यांच्यातलं अंतर ३८ किलोमीटर. कागदावर पाया आखला, दोन्ही टोकांना कोन काढले, रेषा मिळाल्या तिथली उंची मोजली. चौतीस किलोमीटर. मुठीचं माप कच्चं, पाच-सात किलोमीटर इकडंतिकडं होणार हे धरलंच. तरी प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटरवरून उडतं, ड्रोन काही शे मीटरवरून. आणि खालच्या कक्षेतला उपग्रह दोन फेऱ्या होईपर्यंत एका जागी थांबत नाही.

त्या उंचीवर सावकाश तरंगणारी, आमच्या भागात येऊ शकणारी एकच गोष्ट मला माहीत आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. पातळ पॉलिथिलीनचे, हायड्रोजन भरलेले फुगे, ५० ते ८५ मीटर व्यासाचे, वैज्ञानिक उपकरणं घेऊन ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातात. काम झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली उतरतात, बहुतेकदा विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास. हंगाम सुरू होण्याआधी जिल्ह्यांना पत्र येतं, वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात: असं काही सापडल्यास हात लावू नये, पोलिसांना कळवावं. २०२५ च्या जानेवारीत बिदर जिल्ह्यातल्या जळसंगी गावात असाच एक फुगा थेट एका घरावर येऊन पडला होता.

आता पावतीवरची वेळ बघा. ३५ किलोमीटर उंचीवरून क्षितिज सहा अंश खाली दिसतं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे खाली सूर्य उगवायच्या पंचवीसेक मिनिटं आधी त्या फुग्यावर ऊन पडतं, आणि पहिलं ऊन तांबूसच असतं. त्या दिवशी तिकडे सूर्योदय सात वाजायच्या जरा आधी. ६.३१ ला तांबूस, ६.३८ ला पांढरा. कोनमापकाने काढलेली उंची आणि पावतीने सांगितलेली उंची, दोन्ही वाटा वेगळ्या असून एकाच जागी आल्या. तेव्हा मी त्याला फोन करून सांगितलं, फुगा होता, जवळपास नक्की. "जवळपास" का, असं त्याने विचारलं. त्या दिवशी तो फुगा सोडल्याचा कागद माझ्या हातात नव्हता, म्हणून. तो जरा हिरमुसला असावा, पण मग त्यानेच विचारलं, "म्हणजे बाई, मी बादली विसळत होतो तेव्हा तिथं वर सूर्य उगवत होता?" हो, अगदी तसंच.

"नक्की", "जवळपास नक्की" हे वर्ग माझे नाहीत. फ्रान्समध्ये हे काम सरकार करतं, आणि माझ्या मते जगात सगळ्यात नीट तिथंच होतं. तूलूझ शहरात तिथल्या राष्ट्रीय अंतराळ संस्थेत १९७७ पासून यासाठी एक छोटा विभाग आहे. आज त्याला जेइपान म्हणतात. खेड्यातल्या माणसाला काही दिसलं तर तो जांदार्मरीच्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण पोलिसांच्या ठाण्यात जाऊन जबाब देऊ शकतो. आपल्याकडे पंचनामा होतो तसाच: जागा, वेळ, हवामान, साक्षीदार. प्रत्येक प्रकरण मग चारपैकी एका वर्गात जातं. ए म्हणजे नक्की ओळख पटली. बी म्हणजे बहुधा पटली. सी म्हणजे माहितीच अपुरी, काही सांगता येत नाही. डी म्हणजे माहिती भरपूर, तपास पुरा, तरीही उलगडा नाही. २००७ पासून या फायली साक्षीदारांची नावं झाकून इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला ठेवल्या आहेत. डी वर्गात शंभरात दोन-तीनच प्रकरणं राहतात.

सी आणि डी वेगळे ठेवणं हे या पद्धतीतलं सगळ्यात मोठं शहाणपण आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या नोंदी तपासणारं 'प्रोजेक्ट ब्लू बुक' चालवलं, त्याचा आकडा सगळीकडे फिरतो: १२,६१८ नोंदी, त्यांतल्या ७०१ अनोळखी. हा आकडा सांगणारे बरेच जण ७०१ परग्रहावरची यानं उतरली असल्यासारखं बोलतात. "अनोळखी" या एका शब्दाखाली काय काय आहे, कशात पुरावा सज्जड होता आणि कशात साक्षीदाराने दिशाच नोंदवलेली नव्हती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात इंफाळ विमानतळावर दुपारी अनोळखी वस्तू दिसली, उड्डाणं काही तास थांबली, हवाई दलाने राफेल विमानं शोधायला पाठवली, त्यांना काही सापडलं नाही. मला त्याबद्दल खूप जणांनी विचारलं. माझ्या वहीत ते सी. माझ्याकडे ना कोन, ना दोन ठिकाणचे साक्षीदार, मग त्यावर मी मत कशाच्या जोरावर देऊ?

लोक म्हणतात, खेड्यातल्या माणसांचं सोडा, सैनिक-वैमानिक सांगतात ते तरी खरं धराल की नाही? माणूस खरं सांगतोय हे मी धरतेच, मग तो कुणीही असो. पण प्रशिक्षित डोळाही त्याच आकाशाखाली उभा असतो. २०१२ च्या ऑगस्टपासून लडाखमध्ये चीनच्या सीमेवर जवानांना रात्री-पहाटे तेजस्वी गोळे दिसत होते. सीमेपलीकडून येणारे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ३२९ नोंदी झाल्या. या नोंदी नीट ठेवल्या गेल्या हे त्या जवानांचं श्रेय आहे, कारण त्यांच्यामुळेच उत्तर मिळालं. हानले इथं जिची वेधशाळा आहे त्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिशा, उंची आणि वेळा ताऱ्यांच्या जागांशी ताडून पाहिल्या. एक गोळा गुरू निघाला, दुसरा शुक्र. ड्रोन माणसाच्या घड्याळावर चालतो. ग्रह ताऱ्यांच्या सोबतीने उगवतो, दर रात्री साधारण चार मिनिटं आधी. ही चार मिनिटं एका रात्रीच्या नोंदीत दिसत नाहीत, महिन्याभराच्या नोंदीत मात्र दोन तास होऊन समोर येतात. त्यातून २०१२ च्या डिसेंबरात गुरू पृथ्वीला सर्वांत जवळ होता, आणि लडाखची हवा विरळ नि कोरडी. इथं सोलापुरात बसून जो गुरू आपण ओळखतो त्यापेक्षा तो तिथं किती प्रखर दिसत असेल, आणि सीमेवर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याच्यात काय दिसेल, याचा विचार केल्याशिवाय त्या जवानांबद्दल कुणी काही बोलू नये.

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला माझी नणंद ब्रह्मपुरीहून फोनवर ओरडत होती, "वहिनी, विमान जळत चाललंय, तुकडे होताहेत!" त्या रात्री विदर्भ-खानदेशातून शेकडो व्हिडिओ आले. मी तिला बोट फिरवायला लावलं, फोनवरच. तिच्या जावेने घड्याळ धरलं. मिनिटाच्या आसपास वेळ भरला. उल्का असती तर दोन-चार सेकंदांत संपली असती, कारण ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेकदा तिरकी घुसते. कक्षेतून खाली घसरणारी मानवनिर्मित वस्तू जवळपास आडवी, सेकंदाला आठएक किलोमीटरने येते, आणि तिचे तुकडे एकाच रेषेत मागेपुढे चालत राहतात. मी तिला तेवढंच सांगितलं, की रॉकेटचा किंवा उपग्रहाचा भाग खाली येतोय असं वाटतं, घराबाहेर पडलेलं काही धातूचं दिसलं तर हात लावू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत पडलेल्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या धातूच्या कड्याची बातमी सगळीकडे होती. जवळच्या गावात धातूचा गोळाही सापडला. उपग्रहांच्या हालचालींची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तो २०२१ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचं म्हटलं. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटरच असतो. रानात पडलेलं कडं आणि रॉकेटच्या नकाशातलं माप जुळलं, यापेक्षा चांगला पंचनामा कुठला?

स्टारलिंकच्या उपग्रहांची माळ दिसली की अजूनही दिवसभर फोन वाजतो. एका ओळीत, सारख्या चालीने, आवाज न करता जाणारे दिवे आणि मध्येच एकेक करून विझणारे, असं ऐकलं की मी वेळ विचारते, सोडलेल्या तारखेशी ताडते आणि वहीत ए लिहिते. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही राहिलेलं नाही.

या कामात घाई करणाऱ्याचं काय होतं, ते जे. ॲलन हायनेक यांच्या उदाहरणात आहे. ओहायोतले खगोलशास्त्राचे प्राध्यापक, ब्लू बुकचे वैज्ञानिक सल्लागार. रशियाने स्पुटनिक सोडला त्या काळात अमेरिकेने जगभर उपग्रह टिपणारे बारा मोठे कॅमेरे बसवले, त्यातला एक आपल्या नैनितालला होता. त्या कामाचं नेतृत्व हायनेक यांच्याकडे होतं. म्हणजे आकाशातली हलती वस्तू कशी मोजायची हे त्यांच्याइतकं कमी लोकांना कळत असेल. १९६६ च्या मार्चमध्ये मिशिगन राज्यात डेक्स्टर गावाजवळ आणि हिल्सडेलला रात्री जमिनीलगत दिवे दिसले. पाहणाऱ्यांत पोलीस होते, कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुली होत्या. हवाई दलाने हायनेकना तिथं पाठवलं. चौकशी धड पुरी व्हायच्या आत २५ मार्चला डेट्रॉइटला पत्रकारांसमोर उभं केलं. त्यांनी शक्यता म्हणून दलदलीतल्या वायूचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी देशभर तेच एक वाक्य झालं. मिशिगनचे खासदार जेरल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. त्या गावांतल्या लोकांना वाटलं, आपल्याला मूर्ख ठरवलं.

दलदलीत वायू नसतोच असं नाही, काही दिव्यांना ते कारण लागूही पडत असेल. पण ज्या माणसाने रात्री थंडीत उभं राहून काही पाहिलं, त्याचं पुरतं ऐकून न घेता दिलेलं उत्तर बरोबर असलं तरी तो ते घेत नाही, आणि पुढच्या वेळी सांगायलाच येत नाही. तपास तिथं संपतो. हायनेक यांनीही पुढे वाट बदलली, १९७३ मध्ये स्वतःचं केंद्र काढलं आणि साक्षीदारांशी सभ्यपणे वागण्याचा आग्रह धरला. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. हा आग्रह पटतो.

आणि आपल्याकडे हे नुसतं कुतूहलाचं राहत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, नगर, पुणे जिल्ह्यांतल्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, म्हणून लोक काठ्या घेऊन जागे राहत होते. मला फोन यायचे ते उत्सुकतेने नाही, भीतीने यायचे. अशा रात्री गावात अनोळखी माणूस शिरला तर काय होतं हे आम्हाला शिकवायला नको. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, आणि त्यात आमच्या मंगळवेढा तालुक्यातली होती. म्हणून ड्रोनच्या दिवसांत कुणाचाही फोन मी उद्यावर टाकला नाही. दिवा कुठं होता, किती मुठी, हलला का, आवाज आला का. उत्तर मिळो न मिळो, मोजायला लागलेला माणूस शांत होतो, हे मी त्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा पाहिलं.

माझ्या वहीतलं एक प्रकरण अजून उघडं आहे आणि तेच सध्या डोक्यात आहे. २०२५ च्या जानेवारीत बीडकडून आलेली एक ऊसतोड टोळी आमच्या एका विद्यार्थ्याच्या रानाजवळ उतरली होती. टोळीतल्या एका बाईने पहाटे कोपीबाहेर, म्हणजे टोळीच्या झोपडीबाहेर, चूल पेटवताना कालव्याच्या बाजूला एक नारिंगी दिवा पाहिला. बराच वेळ स्थिर, मग त्याचे दोन झाले, एक खाली उतरत गेला आणि दुसरा विझला. तिने मुकादमाला सांगितलं, तो हसला. फडात बाया म्हणाल्या आग्यावेताळ असंल, बाप्ये म्हणाले झोपेत असशील. मी गेले तेव्हा पहिलं वाक्य तिने हे म्हटलं: "बाई, मला खोटं बोलून काय मिळायचंय?" मी म्हटलं, खोटं बोलताय असं मला वाटतच नाही, मला फक्त जागा दाखवा. ती कोपीच्या दारात उभी राहिली, हातातला कोयता लांब केला आणि त्याच्या टोकाने बांधावरची बाभूळ दाखवली. मग मी शिकवलं तशी मूठ धरली. शेंड्याच्या वर दोन. दोनदा मोजायला लावलं, मधे पाणी भरून आणायला पाठवून. दोन्ही वेळा तेवढंच आलं. दिशा ईशान्य.

वेळ तिला सांगता येईना, घड्याळ नव्हतं. गाडी भरायला ट्रॅक्टर यायच्या आधी, एवढंच. तारीखही नाही. तेव्हा मी चंद्राचं विचारलं. बारीक कोर होती, नुकती वर आलेली, हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे वद्य पक्षाचा शेवट. पौषातली वद्य एकादशी २५ जानेवारीला होती, तेव्हा ती किंवा त्यापुढची एक-दोन दिवसांतली पहाट. आता त्या पहाटेचं आकाश मांडता आलं. शुक्र त्या महिन्यात संध्याकाळचा, पहाटे नव्हताच. मंगळ नारिंगी खरा आणि तेव्हा चांगला तेजस्वी, पण पहाटे पश्चिमेला उतरलेला. ईशान्येला साधारण तेवढ्या उंचीवर अभिजित तारा येतो हे खरं. तो मी बराच वेळ मनात धरून बसले होते. पण तो निळसर पांढरा, आणि त्याचे दोन होत नाहीत. फुग्याचाही विचार केला. ऊन पडायला फार लवकरची वेळ होती. उडता कंदील असू शकतो, कुठंतरी लग्न असेल तर. आसपासच्या गावांत विचारलं, त्या दिवसांतलं लग्न कुणी सांगितलं नाही. ड्रोन असू शकतो. दुसरा साक्षीदार मिळाला नाही.

हे प्रकरण सी आहे. डी म्हणण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही, आणि तिच्या शब्दाला मोठं करण्यासाठी मी वर्ग बदलणार नाही. पण मी तिला हेही सांगितलं, की तुमची नोंद माझ्या वहीतल्या चांगल्या नोंदींपैकी आहे, घड्याळ असलेल्या कितीतरी जणांनी इतकं नेमकं सांगितलेलं नाही. मुकादमासमोर सांगितलं.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा येतील. तिच्या टोळीत तेव्हा कोपीवर तीन बाया पहाटे उठणाऱ्या होत्या, आणि त्यातल्या एकीशी, तिच्या जावेशी, माझं बोलणं राहून गेलं, कारण ती बाळंतपणाला गावी गेली होती. ती यंदा आली तर तिला आधी काहीही न सांगता कोपीच्या दारात उभं करायचं आहे. अमावस्येच्या आधीचे ते चार दिवस मी कॅलेंडरवर खूण करून ठेवले आहेत. त्या भागात पहाटे कालव्याच्या पाळीवर असणारं कुणी हे वाचत असेल, आणि त्या जानेवारीत ईशान्येला काही पाहिलं असेल, तर काय वाटलं ते राहू द्या, किती मुठींवर होतं तेवढं कळवा.